धून संपेपर्यंत शाल हवेत

सकाळी बदनापूरच्या फलाटावर जालन्याच्या गाडीची वाट बघत आम्ही नोकरदार उभे असतो. कुणी मोबाइलात डोकं घातलेलं असतं, कुणी रेल्वेला नावं ठेवत असतो. सुग्रीव शेजूळ मात्र जेवणाचा डबा छातीशी आडवा धरतो आणि त्याच्या झाकणावर डाव्या हाताची चार बोटं चालवतो. वर-खाली, वर-खाली. नवीन माणसाला वाटतं, बिचाऱ्याला बोटांचा काहीतरी आजार आहे. एकदा एका म्हातारीने त्याला त्यावर घरगुती तेलही सांगितलं. "लावून बघतो मावशी," तो म्हणाला. खरं कारण सांगायचं तर गिटारपासून सुरुवात करावी लागली असती, आणि तोवर गाडी दिसायला लागली होती.

सुग्रीव नवीन जालना भागातल्या एका बियाणे कंपनीत उगवण तपासतो. ओल्या कागदाच्या सुरळीत बी गुंडाळायचं, ठेवून द्यायचं, कोंब येतो का ते बघायचं. काम सबुरीचं, माणूसही सबुरीचा. फक्त गिटार गळ्यात अडकवली की ती सबुरी कुठे जाते, कुणास ठाऊक.

गिटार तो मोबाइलवर बघून शिकला. त्यातही त्याने जीव लावला तो स्केलवर. स्केल म्हणजे काय, हे त्याने मला गाडीत उभ्या-उभ्या समजावलं आहे: गाण्याचं घर एकदा ठरलं की त्या घरात कोणते सूर राहतात आणि कोणते नुसते जाता-येता डोकावतात, हे कळणं म्हणजे स्केल. त्याला अशा कितीतरी येतात. पाच सुरांची एक तर तो डोळे मिटून दांडीच्या कोणत्याही टोकापासून वाजवतो. अडचण सोलोला यायची. सोलो म्हणजे गायिका श्वास घ्यायला थांबते, बाकीचे मागे सरतात आणि गिटारवाल्याने आपल्या मनाने काहीतरी वाजवायचं असतं. सुग्रीवच्या मनात त्या वेळी सगळीच्या सगळी स्केल यायची. तो ती खालून वर वाजवायचा. लोकांचा विश्वास बसला नसेल म्हणून मग वरून खाली वाजवायचा.

"तू गाणं वाजवत न्हाईस बाबा," आबाराव म्हणायचे, "तू सुरांची हजेरी घेऊन राह्यलास. सगळे आले का? आले. बसा खाली."

आबाराव म्हणजे ऑर्केस्ट्राचे मालक. ढोलकी तेच वाजवतात आणि माइकवर बोलतातही तेच. शिवाय की-बोर्डवर कल्याण, गायला तृप्ती आणि गिटारवर सुग्रीव. एवढ्या चौघांच्या मेळ्याला बॅनरवर 'भव्य' म्हटलेलं आहे. लग्नसराईत रविवार-सुट्टी धरून ही मंडळी जिल्हाभर फिरतात.

गेल्या महिन्यात बदनापुरातच एका हळदीच्या कार्यक्रमात घात झाला. तृप्तीचा घसा बसला होता. की-बोर्डला एक बटण असतं. ते दाबलं की बोटं नेहमीच्याच पट्ट्यांवर ठेवायची, आवाज मात्र वर किंवा खाली सरकतो. कल्याणने ते बटण दाबून आवाज अर्धा सूर खाली घेतला आणि कुणाला सांगितलं नाही. सुग्रीवने सवयीप्रमाणे कल्याणच्या बोटांकडे बघितलं, बोटं सफेद सहावर, म्हणजे सहाव्या पांढऱ्या पट्टीवर दिसली, आणि सोलोची वेळ येताच त्याने दणक्यात तिथूनच सुरुवात केली. अर्ध्या सुराचं अंतर फार वाईट. पार चुकलेला माणूस निदान परका वाटतो. हा म्हणजे घरातलाच माणूस कुणाच्या तरी चपला घालून आल्यासारखा. मांडवातला एक जण तर उठून जनरेटर बघायला गेला.

"मी तं सफेद सहालाच होतो. सगळ्यांनी पाह्यलं," कल्याण म्हणाला. ते खोटंही नव्हतं. बोटं तिथंच होती.

आबारावांनी निकाल दिला. "सुग्रीव, घनसावंगीचं लग्न हे शेवटचं. तिथं गिटार बराबर वाजली तर राहील. न्हाईतर पुढच्या सीझनला कल्याणच्या डब्यातली गिटार वाजंल. तिच्यात निदान हजेरी तरी न्हाई."

की-बोर्डात गिटारचाही आवाज असतो, हे सुग्रीवला माहीत होतं. पण ते असं कुणी तोंडावर म्हणेल असं त्याला वाटलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी फलाटावर त्याच्या डब्यावरची बोटं थांबलेली होती. गाडी बदनापूर सोडून पुढे आल्यावर तो म्हणाला, "माझंच चुकलं. मी कल्याणच्या बोटांकडं बघत राह्यलो. तृप्तीताईच्या आवाजाकडं कानच न्हवता."

आता घनसावंगीचं लग्न कुणाचं, हे ऐका. ऑर्केस्ट्रा ठरवला होता वरपक्षाने. आणि वधू होती शीतल, म्हणजे सुग्रीवच्या बायकोची, मनीषाची, धाकटी बहीण. वरपक्षाला हे माहीत नव्हतं. आबारावांना माहीत नव्हतं. सुग्रीवला माहीत होतं, पण सांगायचं कुणाला आणि कसं, हे त्याला ठरवता येईना. शेवटी सासऱ्यांचा, भुजंगराव तौरांचा, फोन आला.

"जावईबापू, तुम्ही थोरले जावई. पयल्या वळीत सोफ्यावर बसायचं. फेटा बांधून ठिवलाय."

"मामा, मी स्टेजवर आहे."

"सत्काराला ना? ते तं हायेच."

"न्हाई. गिटारीला."

 मग भुजंगराव सावकाश म्हणाले, "म्हंजे पाव्हण्यांनी सांगितलेल्या वाजंत्र्यात आमचा जावई. अन् तेबी आमच्याच दारात."

एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला. 

लग्नाच्या दिवशी सुग्रीवच्या आग्रहाने मीही घनसावंगीला जीपने गेलो, मध्ये दाटीवाटीने बसून. मुहूर्त दुपारचा होता. मांडवात मोठे कूलर घरघरत होते, उसाच्या फडाच्या बाजूने गरम वारा येत होता, आणि नवरदेव मारुतीच्या पारावरून हलायला तयार नव्हता. वरातीतली पोरं नाचत होती. नवरदेव येईपर्यंत मांडव धरून ठेवायचा म्हणजे आमच्याकडे एकच उपाय: सत्कार.

सत्काराची आमच्याकडे एक पद्धत आहे. नाव पुकारायचं. पाहुण्याने उठून यायचं. यजमानाने शाल दोन्ही हातांनी पसरून पाहुण्याच्या डोक्यावर धरायची. ऑर्केस्ट्राने छोटीशी धून वाजवायची. आणि धून संपेपर्यंत शाल हवेतच राहते. शेवटच्या सुराबरोबर ती खांद्यावर उतरते आणि फोटो निघतो. हे कुणी ठरवलं माहीत नाही, पण मोडलेलं मी कधी पाहिलं नाही.

धून वाजवायचं काम आबारावांनी सुग्रीवला दिलं. स्टेजसमोर पहिल्या ओळीत सोफ्यावरची एक जागा मोकळी होती. थोरल्या जावयाची. शेजारी भुजंगराव बसले होते, आणि स्टेज सोडून मांडवात बघण्यासारखं जे जे होतं, ते सगळं ते बघत होते.

पहिलं नाव दूध संस्थेच्या अध्यक्षांचं. सुग्रीवने स्केल धरली आणि वर निघाला. अध्यक्ष हात जोडून उभे. स्केल वर पोचली. शाल धरणाऱ्याने ती खाली आणायला सुरुवात केली, तेवढ्यात स्केल परतीला लागली. शाल पुन्हा वर. मागे कुणीतरी खाकरलं. आबारावांनी सुग्रीवकडे बघून तळहाताने हवेत आडवी रेघ मारली, म्हणजे कापून टाक.

सुग्रीवला कापायचं होतं हो. पण घाबरलेला माणूस ओळखीच्या रस्त्याने पळतो, आणि त्याच्या ओळखीचा रस्ता म्हणजे तोच, वर जाऊन खाली येणारा.

"आता सत्कार वधूपित्याचा! श्री. भुजंगराव तौर!"

मी मठ्ठ्याचा ग्लास खाली ठेवला. भुजंगराव उठून पुढे आले. आधी फेटा, मग शाल, म्हणून त्यांनी मान वाकवली. सासऱ्यांचं नाव ऐकून सुग्रीवच्या हातात जी काही सबुरी उरली होती तीही गेली. एक स्केल झाली. त्यातूनच दुसरी निघाली. फेटा बसून गेला, शाल डोक्यावर ताणली गेली, धून चालूच. फोटोग्राफर ओरडला, "मान तशीच ठिवा मामा!" भुजंगरावांनी तशीच ठेवली. शाल धरणाऱ्या व्याह्यांचे हात भरून आले. बायकांच्या बाजूने हसण्याची एक खसखस आली आणि पदराखाली गेली. शेवटी भुजंगरावांनी स्वतःच वर हात घालून शाल खाली ओढली आणि जागेवर जाऊन बसले. धून त्यानंतरही थोडी उरली होती. ती कुणासाठी वाजली, देव जाणे.

आबारावांनी माइकवर हात ठेवला, तरी मला तिसऱ्या ओळीत ऐकू आलं. "कल्याण, तुझ्या डब्यातली गिटार काढून ठेव. आता फक्त तृप्तीचं एक गाणं होऊ दे. मधला सोलो सुग्रीवचा. तो न्हाई जमला तर त्याच्या पुढं सगळं तू."

कल्याणने की-बोर्डावर गिटारच्या आवाजाचं बटण हेरून ठेवलं. कुजकेपणाने नव्हे. हुकूमच होता.

तेवढ्यात मनीषा पाण्याचा तांब्या घेऊन स्टेजच्या कडेला आली. नवऱ्याला पाणी देणाऱ्या बायकोसारखा तिचा चेहरा अजिबात नव्हता.

"काय चालवलंय तुम्ही? माझ्या बापाची मान मोडून राह्यले का?"

"सगळे सूर बराबर होते गं," सुग्रीव कळवळून म्हणाला.

"असतील. पण दाट किती? आमच्या रानात सरकी टोबताना एका जागी दोन बिया टाकतेत. दोन्ही उगवल्या तर एक उपटायची. तुम्ही कंपनीत नुसती उगवण बघता. विरळणी कोणी करायची? म्या?"

"चांगलं उगवलेलं उपटायला जीव होत न्हाई."

"मंग बोंड लागत न्हाई," मनीषा म्हणाली आणि तांब्या तिथेच ठेवून बहिणीकडे निघून गेली.

सुग्रीव तांब्याकडे बघत राहिला. पाणी प्यायला नाही.

गाणं सुरू झालं. सावकाश चालीचं, जुन्या वळणाचं. आबारावांची ढोलकी, कल्याणचे सूर, आणि तृप्तीचा आवाज, त्या दिवशी जरा जड. मी सुग्रीवकडे बघत होतो. एरवी या वेळी त्याची नजर कल्याणच्या बोटांवर खिळलेली असते. आज त्याने कल्याणकडे पाठ केली. गिटारचा आवाज बारीक केला, स्वतःलाच ऐकू येईल इतका, आणि तृप्तीच्या बाजूला मान कलती करून एक तार छेडली. कपाळाला आठी पडली. डावा हात दांडीवर एक घर मागे सरकवला. पुन्हा छेडली. आठी गेली. कल्याणने आजही आवाज खाली घ्यायचं बटण दाबलं होतं, आणि आजही सांगितलं नव्हतं.

मला जरा धीर आला. म्हटलं, निदान घर तरी बरोबर सापडलं. आता आत जाऊन सगळ्यांना हाका मारत सुटला नाही म्हणजे मिळवली.

सोलोला अजून एक ओळ बाकी होती. आणि वीज गेली.

कूलर एकदम गप्प झाले. मांडव एवढा मोठा आहे, हे तेव्हा पहिल्यांदा कळलं. पण जनरेटरवाला तयारीत होता. दोन-चार टाळ्या वाजवायला लागतील तेवढ्यात वीज परत आली, कूलर घरघरले, स्पीकर खरखरले. आवाज पुन्हा येईपर्यंत तृप्ती ओळ तशीच उघड्या गळ्याने म्हणत होती. तिने धीर सोडला नव्हता, आबारावांनी ढोलकी सोडली नव्हती. कल्याणचा की-बोर्डही चालू झाला. त्याने बोटं होती तिथेच ठेवली आणि दाबली.

ज्याने मुद्दाम करायचं ठरवलं असतं, त्यालाही एवढं भयंकर जमलं नसतं. वीज जाऊन आल्यावर की-बोर्ड सगळं विसरला होता. बटणाने केलेलं अर्ध्या सुराचं अंतर पुसलं गेलं होतं. बोटं तीच, आवाज वरचा. तृप्ती त्या आवाजाला जाऊन थडकली, चाचपडली आणि ओळीच्या मध्येच थांबली. कल्याणने चटका बसल्यासारखे दोन्ही हात उचलले.

उरली नुसती ढोलकी. वरपक्षाची मंडळी वळून बघायला लागली. भुजंगरावांनी एवढ्या वेळात पहिल्यांदा स्टेजकडे बघितलं.

आबारावांची मान सुग्रीवकडे वळली. डोळ्यांत काय होतं, ते मला लांबून दिसलं नाही, पण ढोलकीचा हात मात्र घट्ट झाला.

सुग्रीवने गिटारचा आवाज मोठा केला आणि एक सूर वाजवला. एकच. तृप्ती जिथे थांबली होती, बरोबर तिथला. तो त्याने लांब धरला आणि सोडून दिला.

मग काहीच वाजवलं नाही.

तो रिकामा तुकडा मी जन्मात विसरणार नाही. ढोलकी दोन पावलं चालली, आणि मला वाटलं, संपलं, घाबरला, आता हा गिटार ठेवून पळणार. तेवढ्यात दोन सूर आले. पुन्हा जागा सोडली. मग तृप्तीच्या अर्ध्या राहिलेल्या ओळीची चाल आली, पण शेवट जरा निराळा, बोलता-बोलता माणूस आवाज खाली घेतो तसा. चाल जिथे वळायची तिथल्या सुरावर तो नेमका येऊन उभा राहायचा, मधले नुसते हात लावून सोडून द्यायचा. स्केल तीच होती, डब्यावर रोज चालणारी. फक्त त्यातले कितीतरी सूर तो त्या दिवशी बोलवत नव्हता.

एकदा मात्र बोटं सवयीने सुटली. वर धावली.  मनीषा बायकांच्या घोळक्यातून उभी राहिली. एक सूर, दुसरा, तिसरा... आणि तिसऱ्यावर हात थांबला.  मग तिथूनच सावकाश खाली उतरला. मनीषा बसली. मीही बसलो. मी कधी उठलो होतो, ते मला माहीत नाही.

मध्येच सुग्रीवने कल्याणकडे बघून एक बोट खाली दाखवलं. कल्याण भांबावून बघत राहिला. सुग्रीवने पुन्हा दाखवलं: अर्धा सूर खाली. कल्याणने बटण दाबलं, भीत-भीत एक पट्टी चाचपली आणि आवाज मिळताच असा श्वास सोडला की माइकने तोही मांडवाला ऐकवला. सुग्रीव फिरत-फिरत गाण्याच्या पहिल्या शब्दाच्या सुरावर येऊन थांबला आणि तृप्तीकडे बघितलं. तिने तो त्याच्या हातातून घेतल्यासारखा उचलला आणि गाणं पुढे निघालं.

टाळ्या पडल्या नाहीत. काही बिघडलं होतं हेच कुणाला कळलं नव्हतं. लोकांना वाटलं, गाण्यात हे असंच असतं. माझ्या शेजारचे पाहुणे एवढंच म्हणाले, "गिटारवाला जरा आळशी दिसतो, पण गोड वाजवतो."

गाणं संपल्यावर आबारावांनी रुमालाने तोंड पुसलं, माइक ओढला आणि हातातल्या चिठ्ठीकडे बघितलं. नवरदेव अजून आला नव्हता.

"आता सत्कार वधूपक्षाचे थोरले जावई, बदनापूरचे श्री. सुग्रीवराव शेजूळ यांचा!" आणि मग त्यांचं स्वतःचंच तोंड उघडं राहिलं. एवढा वेळ त्यांना पत्ताच नव्हता.

सुग्रीवने गिटार उतरवून खुर्चीला टेकवली आणि तो खाली आला. सत्कार सासऱ्यांच्या हातून होता. भुजंगरावांनी शाल पसरली, जावयाच्या डोक्यावर धरली. आणि सगळं तिथेच अडलं. धून कोण वाजवणार? धुनीशिवाय शाल उतरणार कशी?

कल्याणचा हात हळूच की-बोर्डाकडे गेला. गिटारचं बटण त्याने मघाशीच हेरून ठेवलेलं होतं.

"हात काढ," आबाराव म्हणाले. माइक चालूच होता. "गिटार हाय आपल्याकडं. तिचा मालक जरा खाली गेलाय."

मांडव हसला. भुजंगराव हसले नाहीत. त्यांचे हात वर, शाल हवेत, समोर जावई मान वाकवून. क्षणभर मला वाटलं, आता मागचा सगळा हिशेब इथेच चुकता होणार. पण त्यांनी हनुवटीने स्टेजकडे खूण केली.

"जावईबापू, वर चला. म्या येतो शाल घेऊन."

पायरीवर सुग्रीव पुढे, मागे शाल तशीच ताणून धरलेले भुजंगराव. सुग्रीवने गिटार गळ्यात अडकवली. सासरे त्याच्या मागे छत धरल्यासारखे उभे राहिले, वरपक्षाच्या स्टेजवर, सगळ्या गावासमोर. सुग्रीवने चार सूर वाजवले, मधे एका श्वासाची जागा सोडून. शाल खांद्यावर उतरली. फोटो निघाला.

"झालं?" भुजंगरावांनी विचारलं.

"झालं, मामा."

"मंग मघाशी माझ्या टायमाला एवढं आखूड येत न्हवतं का?"

मारुतीकडून बँडचा आवाज जवळ यायला लागला. आबारावांनी पुढचं नाव पुकारलं आणि कल्याणकडे न बघताच गिटारच्या बाजूला हात केला.